डोक्याला मॅग्नेट लावला की लकव्याचा हात उठतो? रीलमागचं विज्ञान आणि मिरजेला निघण्याआधी विचारायचे प्रश्न

तुमच्या फीडवर हा व्हिडिओ कधी ना कधी आलाच असेल. एक पेशंट खुर्चीत बसलाय. डॉक्टर त्याच्या डोक्याजवळ एक कॉइल धरतात, शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन कड्यांसारखी दिसणारी. 'टक्' असा आवाज होतो आणि पेशंटचा अंगठा आपोआप उडतो. त्यानं स्वतः काहीच केलेलं नसतं. पुन्हा टक्, पुन्हा अंगठा. खाली कॅप्शन असतं: ऑपरेशन नाही, औषध नाही, लकवा बरा.

घरात लकव्याचा पेशंट असेल तर हा व्हिडिओ लगेच फॉरवर्ड होतो. 'मिरजेत हे मशीन आहे का बघ रे,' असा मेसेजही सोबत येतो. साहजिक आहे. सांगली जिल्ह्यालाच नाही, तर कोल्हापूर, सोलापूरपासून बेळगाव, विजयपूरपर्यंतच्या लोकांना मोठा आजार म्हटलं की मिरज आठवते. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. रेल्वे जंक्शन असलेल्या या गावात मग दवाखान्यांची रांगच लागली.

तर त्या व्हिडिओचं काय? थोडक्यात उत्तर असं: व्हिडिओ खरा असतो, कॅप्शन खोटं असतं. अंगठा खरंच उडतो. पण अंगठा उडणं वेगळं आणि हातावर ताबा परत येणं वेगळं. हा फरक कळला तर घरचे पैसे वाचतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लकव्यानंतरचे सुरुवातीचे महिने वाया जाणार नाहीत.

आधी बघू, हात हलतो कसा?

आपण हेअरबँड लावतो तिथं, एका कानापासून माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंत, मेंदूच्या पृष्ठभागावर एक पट्टा असतो. त्याला मोटर कॉर्टेक्स म्हणतात. डावीकडचा पट्टा उजवं अंग हलवतो, उजवीकडचा डावं. म्हणूनच मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की उजवा हात-पाय लुळा पडतो. या पट्ट्यात प्रत्येक अवयवाला जागा दिलेली आहे, पण वाटणी समान नाही. पाठीच्या वाट्याला थोडीशी, बोटं आणि ओठ-जिभेच्या वाट्याला भरपूर. जितकं नाजूक काम, तितकी जास्त जागा.

नाजूक काम म्हणजे काय, हे मिरजकरांना वेगळं सांगायला नको. इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा फिरवतो. किती जोर लावायचा, कुठं थांबायचं हे त्याचा हात क्षणोक्षणी ठरवत असतो आणि त्यासाठी कान, डोळे आणि बोटांच्या टोकांकडून सतत खबर घेत असतो.

हालचालीवरचा ताबा म्हणजे हेच. हालचाल सुरू करणं, जोर मोजणं, वेळेवर थांबणं आणि चुकलं तर दुरुस्त करणं. या कामात लहान मेंदू, मेंदूच्या खोल भागातल्या पेशींचे समूह आणि मज्जारज्जू असे सगळे सामील असतात. मोटर कॉर्टेक्स ही त्या साखळीतली एक कडी.

डोकं न उघडता मेंदूपर्यंत पोचतात कसं?

१९८० साली लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन या शास्त्रज्ञांनी डोक्याच्या कातडीवरून जोरदार विजेचा झटका देऊन हात हलवून दाखवला. प्रयोग जमला, पण तो चांगलाच दुखायचा. १९८५ साली शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी दुसरी वाट काढली. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज तयार होते, हे मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलं होतं. आपण ते शाळेत शिकलोय. बार्कर यांनी वाहक म्हणून थेट मेंदूच वापरला.

कॉइलमधून क्षणभर प्रचंड करंट सोडला जातो. एमआरआय मशीनच्या तोडीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पण टिकतं एका मिलिसेकंदापेक्षाही कमी. कवटी त्याला अडवत नाही. दोन-तीन सेंटीमीटर आत, मेंदूच्या वरच्या थरात, थोडीशी वीज तयार होते आणि तिथल्या पेशी संदेश सोडतात. साधारण २० मिलिसेकंदांत तो हाताच्या स्नायूपर्यंत पोचतो आणि अंगठा उडतो. या तंत्राचं नाव टीएमएस.

एकच झटका दिला तर परिणाम तेवढ्यापुरताच. पण शेकडो झटके ठरावीक लयीत दिले तर मेंदूचा तो भाग नंतरही काही मिनिटं ते तासभर बदललेला राहतो. सेकंदाला एक अशा संथ लयीनं तो सहसा शांत होतो, सेकंदाला पाच किंवा जास्त अशा जलद लयीनं सहसा जागा होतो. उपचारासाठी वापरतात ते हे, आरटीएमएस.

दुसरं तंत्र टीडीसीएस. २००० साली जर्मनीतल्या गॉटिंगनमध्ये नित्शे आणि पॉलस यांनी ते नव्यानं पुढं आणलं. यात डोक्यावर दोन ओले पॅड बांधून एक-दोन मिलिअँपिअर इतका बारीक करंट सोडतात. त्यानं अंगठा उडत नाही, पेशी फक्त संदेश सोडायला थोड्या जास्त तयार होतात. चुलीच्या भाषेत सांगायचं तर टीएमएस काडी ओढतं, टीडीसीएस लाकडं वाळवून ठेवतं. भाकरी मात्र दोघांनाही थापता येत नाही.

(पार्किन्सन्ससाठी मुंबईच्या जसलोकसारख्या रुग्णालयांत होणारी डीप ब्रेन स्टिम्युलेशनची शस्त्रक्रिया यापेक्षा पूर्ण वेगळी. तिच्यात कवटीला छिद्र पाडून आत तार बसवतात. रीलमध्ये या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.)

लकव्यात याचा उपयोग होईल असं का वाटलं?

मेंदूच्या दोन्ही बाजू एकमेकींना सतत आवरत असतात. उजवा हात काम करताना डावी बाजू उजवीला म्हणते, 'तू थांब.' हे चांगल्या बैलजोडीसारखं आहे. दोघांचा जोर सारखा असेल तर औत सरळ चालतं. एक बैल आजारी पडला तर दुसरा त्याला आपल्या बाजूला ओढत नेतो.

लकव्यात असंच होत असावं, असा संशोधकांचा अंदाज होता. दुखावलेली बाजू कमजोर झाली की धडधाकट बाजू तिला आणखी दाबते. मग उपाय दोन. धडधाकट बाजूला संथ लयीनं थोडं शांत करायचं, किंवा दुखावलेल्या बाजूला जलद लयीनं जागं करायचं. कल्पना सुटसुटीत होती. जगभर अभ्यास सुरू झाले.

मग निकाल काय लागले?

इथं चित्र जरा गुंतागुंतीचं आहे, कारण दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत.

चांगली बाजू अशी. २०२० साली युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटानं आरटीएमएसवरचे अभ्यास एकत्र तपासले. लकव्यानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत धडधाकट बाजूवर संथ लयीचे झटके देणं हाताच्या सुधारणेसाठी उपयोगी ठरतं, असं म्हणत त्यांनी या पुराव्याला सर्वात वरचा दर्जा दिला. पार्किन्सन्सच्या हालचालींसाठी त्याखालचा, 'उपयोग होण्याची शक्यता आहे' असा दर्जा दिला. म्हणजे हे तंत्र थोतांड नाही.

दुसरी बाजू मोठ्या चाचण्यांची. २०१८ साली अमेरिकेतल्या १९९ रुग्णांच्या 'निश' चाचणीचे निकाल आले. एका गटाला खरं आरटीएमएस, दुसऱ्याला तसाच आवाज करणारी नकली कॉइल, आणि दोघांनाही सारखीच थेरपी. खऱ्या गटातल्या ६७ टक्के रुग्णांच्या हातात ठळक सुधारणा झाली. नकली गटातल्या? ६५ टक्के.

२०२५ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त टीडीसीएसची 'ट्रान्सपोर्ट-२' ही चाचणी प्रसिद्ध झाली. १२९ रुग्ण, तीन गट: नकली, २ मिलिअँपिअर आणि ४ मिलिअँपिअर. सोबत सगळ्यांना जोरकस हाताचे व्यायाम. तिन्ही गट सुधारले, पण करंटमुळे म्हणून वेगळा फायदा दिसला नाही.

हे आकडे नीट वाचा. 'मशीन लावलं आणि पेशंट सुधारला' हे वाक्य दोन्ही चाचण्यांत खरं आहे. पण मशीन बंद ठेवूनही जवळपास तितकेच पेशंट सुधारले. रील बनवणाऱ्याला पहिलं वाक्य दिसतं, दुसरं नाही.

असं का झालं असावं? एक कारण म्हणजे माणसामाणसातला फरक. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ५६ निरोगी लोकांवर टीएमएसची एक लोकप्रिय पद्धत वापरून पाहिली. काहींचा मेंदू अपेक्षेप्रमाणे जागा झाला, काहींचा उलट शांत झाला, आणि सरासरी काढली तर परिणाम उरलाच नाही. दुसरं कारण बैलजोडीतच आहे. मोठ्या लकव्यात काही रुग्णांची धडधाकट बाजू आजारी बाजूला दाबत नसते, उलट तिचा भार वाहत असते. तिलाच शांत केलं तर मदत करणारा बैलही सुटतो.

या मशीनचं एक काम, ज्याची रील होत नाही

टीएमएसचा एक उपयोग मात्र भक्कम आहे, तो म्हणजे तपासणी. न्यूझीलंडच्या कॅथी स्टिनिअर यांच्या गटानं लकव्यानंतर पहिल्या काही दिवसांतच हात किती सुधारेल याचा अंदाज बांधण्याची पद्धत तयार केली. आधी साधी परीक्षा: खांदा बाजूला उचलता येतो का, बोटं उघडता येतात का? त्यात गुण कमी पडले तर टीएमएसचा एक झटका देऊन बघायचं, हाताच्या स्नायूपर्यंत संदेश पोचतो का?

पोचला, तर मेंदूपासून हातापर्यंतची वायर शाबूत आहे. हात आज लुळा दिसत असला तरी सुधारण्याची आशा चांगली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा अंदाज ७५ टक्के रुग्णांत बरोबर ठरला. म्हणजे व्हिडिओतला अंगठा उडणं हा उपचाराचा निकाल नाही, ती चाचणी आहे. वायर आहे एवढंच त्यातून कळतं. वायरवरून काम करून घ्यायचं अजून बाकीच असतं.

खरा हिशोब हात किती वेळा हलवला याचा

मेंदू बदलतो तो सरावानं. पण सराव किती? २००९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी लकव्याच्या रुग्णांची ३१२ थेरपी सत्रं शेजारी बसून मोजली. हातानं प्रत्यक्ष उपयोगाचं काम एका सत्रात सरासरी फक्त ३२ वेळा केलं जात होतं. मेंदूत बदल दिसलेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा आकडा काहीशे असतो.

२००६ च्या 'एक्साइट' चाचणीनं याची दुसरी बाजू दाखवली. लकव्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हाताला जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा घातला आणि कमजोर हाताकडून दिवसाला सहा-सहा तासांपर्यंत काम करून घेतलं. असं दोन आठवडे. सुधारणा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त झाली आणि वर्षभरानंतरही टिकून होती. यात कुठलंही मशीन नव्हतं. अट एकच, हातात थोडी तरी हालचाल शिल्लक हवी.

'मग घरीच करून घेऊ की,' असं वाटेल. तेही तपासून झालंय, आणि आपल्याच देशात. 'अटेंड' या चाचणीत १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण होते. एका गटातल्या नातेवाइकांना घरी व्यायाम करून घ्यायला शिकवलं. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनंतर दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. नातेवाइकांची माया कमी पडली असा याचा अर्थ नाही. कोणता व्यायाम, किती वेळा, कधी वाढवायचा हे ठरवायला आणि तो चिकाटीनं करून घ्यायला शिकलेला माणूस समोर लागतो.

मग अडतं कुठं?

अडतं पैशाशी आणि अंतराशी. लकवा हा शहरातला आजार राहिलेला नाही. गडचिरोलीतल्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं. आणि जे वाचतात, त्यांचा पुढचा प्रवास घरच्या खिशातून होतो.

आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा रोख मुख्यतः रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांवर आहे. लकव्याचा हात मात्र डिस्चार्ज मिळाल्यानंतरच्या महिन्यांत घडतो. जत किंवा आटपाडीहून रोज मिरजेला यायचं म्हणजे गाडीभाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि थेरपीची फी. दहा-पंधरा दिवसांत घर थकतं. कराडला कृष्णा विश्व विद्यापीठात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, आपल्या भागात फिजिओथेरपिस्ट घडत आहेत. पण तालुक्याच्या ठिकाणी रोज तासभर देणारा थेरपिस्ट आणि त्या तासाचे पैसे देणारी योजना, या दोन्हींची सांगड लागलेली नाही.

ही पोकळी भरायला मग सगळेच येतात. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं, कुणी अमुक गावचं औषध सुचवतं आणि आता कुणी मॅग्नेटचं पॅकेज विकतं. मॅग्नेटमागं खरं विज्ञान आहे, हा मोठा फरक. पण व्यायामाशिवाय नुसतं मशीन विकलं, तर घरच्यांच्या हाती उरणारी गोष्ट सारखीच: रिकामा खिसा आणि निघून गेलेले महिने.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. मशीनला मान्यता नेमकी कशासाठी? 'एफडीए अप्रूव्हड' एवढ्यावर जाऊ नका. अमेरिकेच्या एफडीएनं २००८ साली टीएमएसला मान्यता दिली ती नैराश्याच्या उपचारासाठी. लकव्याच्या हातासाठी नव्हे.

२. सत्रानंतर लगेच व्यायाम आहे का? बदललेली अवस्था तासाभरापुरतीच असते. मशीन लावून थेट घरी पाठवत असतील, तर तो तास वाया गेला.

३. सुधारणा मोजणार कशी? पहिल्या दिवशी आणि दर दोन आठवड्यांनी तीच परीक्षा व्हायला हवी. पेला किती वेळा उचलला, बोटं किती उघडली, लिहून ठेवा. 'बरं वाटतंय' हे माप नाही.

४. कुणाला देऊ नये? कधी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, पेसमेकर असेल, तर आधी सांगा. टीएमएसमुळे फिट येणं दुर्मीळ आहे, पण लकव्याच्या रुग्णांत धोका मुळात जास्त असतो. हे प्रश्न न विचारताच कुणी कॉइल लावत असेल, तर उठून या.

५. थेरपिस्ट नोंदणीकृत आहे का? महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्याच्या ओटीपीटी कौन्सिलकडे होते. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको.

आणि ऑनलाइन मिळणारे टीडीसीएसचे हेडसेट किंवा यूट्यूब पाहून ९ व्होल्टच्या बॅटरीवर बनवलेले जुगाड घरी वापरू नका. २०१६ साली या विषयातल्याच ३९ संशोधकांनी जाहीर पत्र लिहून हा इशारा दिला होता. पॅड कोरडे पडले तर कातडी भाजते. शिवाय मेंदूचा एक भाग जागा करताना दुसऱ्यावर काय परिणाम होतो, हे घरी बसून कळायला मार्ग नाही.

कॅप्शन लिहिणाऱ्यांसाठी कायदाही आहे

आक्षेपार्ह जाहिराती रोखणाऱ्या १९५४ च्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्याला आजारांची एक यादी जोडलेली आहे. हे आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. त्या यादीत मेंदूचे विकारही आहेत आणि पक्षाघातही. शरीराच्या कामावर परिणाम करणारी वस्तूसुद्धा या कायद्याच्या 'औषध' या व्याख्येत येते. 'लकवा शंभर टक्के बरा' असं पोस्टर दिसलं, तर त्याचा स्क्रीनशॉट काढून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. फॉरवर्ड करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

मग मशीन नकोच का?

असं नाही. योग्य रुग्ण निवडला, योग्य बाजू निवडली आणि लगेच भरपूर सराव करून घेतला, तर आरटीएमएसची मदत होऊ शकते. कोणत्या मेंदूला कोणती लय लागू पडेल हे आधीच ओळखता येईल का, यावर आता संशोधन सुरू आहे. ते जमलं तर चित्र बदलेल.

तोवर घरच्यांनी हिशोब असा मांडावा. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघून लगेच १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्यासाठी साधारण साडेचार तासच असतात. त्यानंतरच्या महिन्यांत हाताशी असलेला पैसा आधी चांगल्या थेरपिस्टच्या तासांवर खर्च करा. त्यातून उरला आणि डॉक्टरांनी वरच्या पाचही प्रश्नांची नीट उत्तरं दिली, तर मशीनचा विचार करा.

आणि पुढच्या वेळी तो व्हिडिओ ग्रुपवर आला, तर खाली एवढंच विचारा: 'अंगठा उडाला, छान. पण या काकांना आता स्वतःच्या हातानं चहाचा कप धरता येतो का?'